मदत हवी आहे: एकाच बटणावर पॅक-मॅन कसा खेळता येईल?

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जॉयस्टिक धरता येत नाही, पण उजव्या तळव्याने मोठं बटण तो नीट दाबतो. पॅक-मॅन त्याचा जीव की प्राण! त्या गेमला गोळी मारायचं बटण नाही, फक्त चार दिशा, म्हणून मला आशा वाटते.

कॉम्प्युटरवर मेम एम्युलेटर (जुने आर्केड गेम चालवणारा प्रोग्राम) आहे. त्यात कळा बदलता येतात, वेगही कमी करता येतो. निम्म्या वेगावर कुठे वळायचं ते तो स्वतः ठरवतो. मला तेच हवंय. त्याच्या वतीने दुसऱ्याने खेळणं नको.

अडलंय ते दिशांपाशी. अपंग खेळाडूंसाठी २०१८ साली आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला ३.५ मिमीच्या जॅकमधून बाहेरची बटणं जोडता येतात, पण आमचा दाब एकच. आर्डुइनो लिओनार्डो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून जोडता येतो. त्यावर चार दिवे पाळीपाळीने लावायचे, हवी ती दिशा उजळली की त्याने दाबायचं, असा विचार आहे.

असं कोणी केलंय का? प्रत्येक दिवा किती वेळ ठेवावा? हात थरथरून दोनदा दाबलं गेलं तर दुसरा दाब कसा गाळायचा? इथे कोणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतील तर बटण टेबलावर बसवावं की खुर्चीच्या हातावर, तेही कृपया सांगा.