दिवसा अकरा वाजताची मॉक ड्रिल काय कामाची?

झिरोमाईलवाला:
परवा आमच्या नागपूरच्या दवाखान्यात मॉक ड्रिल झाली, म्हणजे मोठ्या अपघातात एकदम खूप जखमी आले तर काय करायचं त्याचा सराव. पत्र आठ दिवस आधी. आदल्या रात्रीच कॉरिडॉरमधल्या ट्रॉल्या हलवल्या. जखमी म्हणून नर्सिंगच्या पोरी पडल्या, अर्ध्या हसत होत्या. फोटो, चहा, संपलं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात कक्षाला आग लागली, १० बाळं गेली, ती रात्रीची वेळ. २३ सप्टेंबर २०२३ ला आपला अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पूर आला तोही पहाटेपूर्वी. मग ड्रिल रविवारी रात्री दोनला, न सांगता का नाही?

रेसिडेंट_जुना:
भाऊ, रात्री दोनला कॅज्युअल्टीत खरे पेशंट असतात. कोणाला छातीत दुखतंय, कोणी विष घेऊन आलंय. त्यांना सोडून मी खोट्या जखमीला पट्टी बांधू? आधी रिकाम्या जागा भरा. एका खाटेवर दोघं झोपवायची वेळ येते तिथं शंभर जखमींचा आराखडा म्हणजे कागदाला कागद. ड्रिलचा खर्च सलाईन स्टँडवर करा.

धंतोलीकर:
ड्रिलचा खर्च किती, चहाचा?

सिस्टर_ताई:
दोघंही मुख्य गोष्ट सोडून बोलून राहिले. मोठ्या अपघातात ॲम्ब्युलन्सच्या आधी ऑटो येतात, आणि त्यात किरकोळ लागलेले असतात. ते खाटा अडवतात, खरे गंभीर मागून येतात. म्हणून दारातच निवड हवी: मनगटाला रंगीत पट्टी बांधायची, लाल म्हणजे जीवावर बेतलेला तो आधी, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकणारा तो नंतर, हिरवा म्हणजे किरकोळ तो सरळ ओपीडीच्या हॉलमध्ये. लिहायला सोपं. पण काळी पट्टी, म्हणजे आता वाचवता येणार नाही ती? श्वास थांबलेल्या पोराच्या मनगटाला ती बांधायची, आणि बाप समोर उभा. हे मी ड्रिलमध्ये एकदाही पाहिलं नाही, कारण तिथं नातेवाईकच नसतात. नातेवाईकही ड्रिलमध्ये घ्या, ओरडणारे. दारावरचा गार्ड काय करतो ते तेव्हा कळेल.

रेसिडेंट_जुना:
ताईंचं पटलं. पण काळी पट्टी बांधणाऱ्यावर दुसऱ्या दिवशी हात उचलला तर पाठीशी कोण? हे आधी लेखी द्या.

झिरोमाईलवाला:
मान्य. पण जागा भरेपर्यंत थांबायचं तर १९९४ पासून थांबलोच आहोत. त्या नोव्हेंबरात आपल्याच शहरात मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गोवारी समाजाचे ११४ जण गेले. माझी मागणी लहान करतो. पेशंटला हात लावू नका. रात्री दोनला फक्त फोन लावा: सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, लिफ्टवाला, शवागाराची किल्ली. किती जण उचलतात आणि किती मिनिटांत पोचतात, एवढं लिहून ठेवा. जनरेटर तळघरात असेल तर पुरात बुडेल, तेही लिहा, नाग नदीच्या काठच्यांनी तर आधी.

धंतोलीकर:
अन् अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालय याच गावात आहे. त्यांना वर्षातून एकदा बोलवायला काहून जड जातं?

रेसिडेंट_जुना:
फोनची ड्रिल चालेल. फक्त माझ्या ऑफच्या दिवशी नको.

सिस्टर_ताई:
ऑफच्याच दिवशी लावा म्हणते मी.