बारा जणांच्या वर्गाला चारशेंच्या सभागृहाची यंत्रं कशाला?

फळा-खडू:
अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात मी साहित्य शिकवते. नाव सांगत नाही. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फक्त चार वर्षांची पदवी, एकूण विद्यार्थी दीड-दोन हजार, बहुतेक सगळे कॅम्पसवरच राहणारे, आणि तपासायला पीएचडी करणारे हाताशी नसल्यामुळे पहिल्या वर्षाचे निबंधसुद्धा प्राध्यापकच तपासतात. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वॉर्थमोर ही यातली बडी नावं. विल्यम्समध्ये तर ‘ट्यूटोरियल’ नावाचा वर्गच दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक एवढ्यांचा असतो. या आठवड्यात एकाने निबंध लिहायचा आणि दुसऱ्याने त्यातल्या फटी दाखवायच्या, पुढच्या आठवड्यात उलट.

पुढच्या सत्रापासून आमच्याकडे तीन गोष्टी येणार आहेत: प्रत्येक वर्गाचं आपोआप रेकॉर्डिंग, फोनवरून आपोआप लागणारी हजेरी, आणि पोर्टलवर रात्रंदिवस शंकांना उत्तरं देणारा एआय सहायक.

माझी हरकत तंत्रज्ञानाला नाही. पण ही तिन्ही यंत्रं चारशे मुलांच्या सभागृहातल्या अडचणींवर तोडगा म्हणून जन्माला आली आहेत. तिथे कोण आलं नाही हे कळत नाही, म्हणून ॲप. शंका विचारायला पाळी येत नाही, म्हणून बॉट. माझ्या टेबलाभोवती बारा जण बसतात. एक खुर्ची रिकामी राहिली तर मला दिसतं, आणि संध्याकाळी ते पोरगं वाचनालयाच्या पायरीवर भेटतंही. रेकॉर्डिंगबद्दल तर बोलायलाच नको. एकोणीस वर्षांचा मुलगा धर्मावर, वंशावर, स्वतःच्या बापावर तोंडाला येईल ते बोलून बघतो आणि पुढच्या तासाला ते मागे घेतो, यासाठीच तर हा छोटा वर्ग असतो. समोर कॅमेरा असेल तर कोण बोलेल?

रात्रपाळी:
अशाच एका कॉलेजच्या आयटी विभागात आहे. त्यामुळे पक्षपाती समजलात तरी चालेल.

रेकॉर्डिंग चारशेंच्या सभागृहासाठी जन्माला आलं म्हणता, पण ते कुणाकुणाच्या कामी येतं ते बघा. ज्याला ऐकू येत नाही त्याला तुमच्या टेबलावर एकदम तिघं बोलायला लागले की काहीही हाती लागत नाही. कर्णबधिर व्यक्तींच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ साली हार्वर्ड आणि एमआयटी या दोघांवर खटले भरले, कारण त्यांच्या जाहीर व्हिडिओंना धड सबटायटल्स नव्हती. पुढे दोघांनाही तडजोड करून सबटायटल्स द्यायचं कबूल करावं लागलं. मोठ्यांचं हे, तर छोट्यांनी आधीच शहाणं व्हायला नको का?

आणि ‘रिकामी खुर्ची मला दिसते’ याबद्दल. तुम्हाला दिसते हो. पण तोच मुलगा त्याच आठवड्यात रसायनशास्त्राच्या वर्गातही गैरहजर होता, हे तुम्हाला कोण सांगणार? छोट्या कॉलेजात प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं असेल. चार प्राध्यापकांच्या चार वह्या एकत्र येईपर्यंत सत्र संपतं.

फळा-खडू:
सबटायटल्सचा मुद्दा बिनतोड, त्यावर वाद नाही. पण त्यासाठी ज्याला गरज आहे त्याच्या वर्गात टंकलेखक बसवता येतो. जिवंत माणूस जे बोललं जातं ते लगेच टाइप करतो आणि मुलाला पडद्यावर दिसतं. सगळ्यांच्या सगळ्या तासांची साठवण करायची गरज त्यातून कुठे निघते?

शेवटचा बाक:
मी विद्यार्थिनी आहे, दुसरं वर्ष. मॅडम, तुमच्या टेबलाभोवती बारा जण बसतात हे खरं. बोलतात किती? माझ्या सेमिनारमध्ये चौघं. त्यातले तिघं अशा शाळांमधून आलेत जिथे लहानपणापासून टेबलाभोवती बसूनच शिकवतात, त्यांना मध्येच तोंड घालायची कला अवगत आहे. मी मनातल्या मनात वाक्य जुळवून होईपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते.

बॉटला मी रात्री विचारते. ‘ही संज्ञा म्हणजे काय’ इतके बावळट प्रश्न असतात. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन हे विचारायचं म्हणजे आपण इथे चुकून आलोय याची जाहिरात. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही त्यांना तर भेटीची वेळ कशासाठी असते हेच ठाऊक नसतं. मला वाटायचं ती शिक्षेसाठी बोलावण्याची वेळ.

मोठ्या घरच्या मुलांना खासगी शिकवणी असतेच. आम्हाला यंत्र मिळालं तर लगेच शिक्षणाचा गाभा धोक्यात?

कात्री:
@शेवटचा बाक, भेटीच्या वेळेचं अगदी पटलं. पण मग कॉलेजने ती वेळ कशासाठी असते हे पहिल्या आठवड्यात सांगावं ना! फुकटात होण्यासारखं काम. त्याऐवजी लाखभर डॉलरचं कंत्राट.

रात्रपाळी:
लाखभर हा आकडा कुठून आणलात?

कात्री:
बरं, आकडा मागे. कंत्राट राहू द्या.

उंटावरून:
हा वाद नवा नाही. २०१२ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स काढलं, जगभरच्या लोकांना फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम. त्याच वर्षाच्या शेवटी वेलस्ली हे छोटं महिला कॉलेज त्यात सामील झालं. एप्रिल २०१३ मध्ये ॲमहर्स्टच्या प्राध्यापकांपुढे तोच प्रस्ताव आला आणि त्यांनी ७० विरुद्ध ३६ मतांनी तो नाकारला. आमचं काम जवळून शिकवण्याचं आहे, हजारोंना एकदम शिकवण्याचं नाही, असा एकंदर सूर होता. त्या वेळी वर्तमानपत्रं छोट्या कॉलेजांची श्रद्धांजली लिहून तयार होती, ॲमहर्स्टवाले जुनाट ठरले होते.

पुढे काय झालं? २०२१ मध्ये एडएक्स ८० कोटी डॉलरला टूयू नावाच्या कंपनीला विकलं गेलं आणि २०२४ च्या जुलैमध्ये त्या टूयूनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. ॲमहर्स्ट आहे तिथेच आहे. गंमत म्हणजे वेलस्लीही आहे तिथेच आहे. हो म्हणून बुडालं नाही, नाही म्हणूनही बुडालं नाही. बुडाली ती मार्लबरोसारखी कॉलेजं, २०२० मध्ये, कारण विद्यार्थीच येईनात. त्यांना एआय सहायकाने वाचवलंही नसतं आणि मारलंही नसतं.

पण ॲमहर्स्टच्या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिथे मतदान झालं. फळा-खडू, तुमच्याकडे झालं का?

फळा-खडू:
नाही. ईमेल आला.

बिल भरणारा:
पालक म्हणून लिहितो. राहणं-जेवण धरून अशा नामांकित कॉलेजचा जाहीर खर्च वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर आहे. शिष्यवृत्तीने तो बऱ्याच जणांना कमी पडतो, आम्हालाही पडला, तरी छोटी रक्कम नाही. एवढे पैसे घेऊन मुलीला रात्री बॉटशी बोलायला लावणार असतील तर स्वस्तातलं विद्यापीठ काय वाईट होतं? दुसरीकडे, बाहेर पडल्यावर सगळ्या कचेऱ्या हीच साधनं वापरणार. चार वर्षं टेबलाभोवती गप्पा मारून ती कोरीच बाहेर पडली तरी मी चिडणार. माझी दोन्हीकडून तक्रार आहे, कबूल.

कात्री:
पालकांची तक्रार दोन्हीकडून असणं हे खरं तर सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे.

मला खुपतं ते पहारा ठेवणारं तंत्रज्ञान. एआयने लिहिलेला निबंध ओळखणारी साधनं घ्या. ओपनएआयने स्वतःचं असं साधन २०२३ च्या जानेवारीत आणलं. एआयने लिहिलेल्यातलं ते फक्त २६ टक्के पकडायचं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घ्यायचं, हे त्यांनीच सांगितलं होतं. जुलैमध्ये गाशा गुंडाळला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के एआयचे ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलीला खासगी शिकवणी देणार आणि त्याच हाताने तिच्यावर चोरीचा आळही घेणार.

आता हॅव्हरफर्ड कॉलेज बघा. विद्यार्थ्यांनीच चालवलेली सचोटीची संहिता. परीक्षेला पर्यवेक्षक नसतो आणि सत्राअखेरच्या बहुतेक परीक्षा मुलं आपल्या सोयीने ठरवून देतात. ती संहिता आपोआप चालू राहत नाही. दरवर्षी विद्यार्थ्यांची सभा भरते, पुरेशी मुलं जमवावी लागतात आणि मतदान करून ती पुन्हा मंजूर करावी लागते. कॅमेरा नाही, ॲप नाही. हे दीड हजारांच्या कॉलेजातच जमतं.

रात्रपाळी:
हॅव्हरफर्डचं उदाहरण सगळे देतात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. घरी नेऊन लिहायच्या परीक्षेत शेजारच्या टॅबवर ते उघडं असताना ‘मी सचोटीने लिहिलं’ ही सही किती टिकेल? कितीतरी प्राध्यापक परत परीक्षेच्या निळ्या वह्या वाटून वर्गात, हाताने निबंध लिहून घेताहेत. तोही पहाराच झाला, फक्त कागदाचा.

दुसरं, छोटी कॉलेजं म्हणजे तंत्रज्ञानापासून अंग चोरून बसणारी, हे चित्र खोटं आहे. डार्टमथ हे साठच्या दशकात मुख्यतः पदवीचंच शिक्षण देणारं कॉलेज होतं. तिथे केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी १९६४ मध्ये बेसिक ही भाषा आणि एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायची व्यवस्था उभी केली. कशासाठी? तर इतिहास-साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही संगणक हाताळता यावा म्हणून. आज बोडन कॉलेज हेच करू पाहतंय. नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज तिथले माजी विद्यार्थी. त्यांनी २०२५ मध्ये एआय आणि मानवता या विषयासाठी ५ कोटी डॉलर दिले.

फळा-खडू:
डार्टमथचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! त्या यंत्रणेचा मोठा भाग पदवीच्या विद्यार्थ्यांनी लिहिला होता. पोरं रात्र रात्र जागून दोष काढत होती. ते घरात बनवलेलं होतं आणि कुणीही उघडून बघू शकत होतं. आमच्याकडे येतंय ते बंद डब्यात. एआय सहायकाला माझ्या मुलांनी काय विचारलं हे मला दिसणार की नाही, अधिष्ठात्यांना दिसणार की नाही, कंपनी किती वर्षं ठेवणार, हे मी विचारलं. उत्तर आलं: ‘१९७४ च्या विद्यार्थी-नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याचं पूर्ण पालन केलं जाईल.’ कायदा ५० वर्षांचा झाला, प्रश्न तसाच.

शेवटचा बाक:
माझा प्रश्न पण हाच आहे, खरं तर. बॉटला विचारलेले बावळट प्रश्न मॅडमना दिसणार असतील तर मी विचारणारच नाही. मग मला त्याचा उपयोग शून्य.

आणि कॅम्पसवरच्या जगण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून सांगते. तुम्हाला वर्गातल्या कॅमेऱ्याची भीती वाटते. आम्हाला जेवणाच्या हॉलची. निनावी ॲपवर जवळपास असलेल्यांना दिसेल असं काहीही लिहिता येतं. यिक यॅक काढणारे दोघंही फर्मन या अशाच लिबरल आर्ट्स विद्यापीठात शिकलेले, २०१३ चं ॲप. २०१७ ला बंद पडलं, २०२१ ला परत आलं. मोठ्या विद्यापीठात ‘काल त्या वर्गात एकीने काय तारे तोडले’ असं लिहिलं तर कोण ती, कुणाला कळतंय? आमच्याकडे नाव न लिहिताही जेवणाची थाळी खाली ठेवेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. मी सेमिनारमध्ये गप्प का, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. कॉलेजने लावलेला कॅमेरा निदान भिंतीवर दिसतो.

उंटावरून:
हा प्रतिसाद सगळ्यात वर हवा होता.

फळा-खडू:
@शेवटचा बाक, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण वर्गातल्या गप्प बसण्याशी मी ते जोडलं नव्हतं. बरं, मग तूच सांग. रेकॉर्डिंग नको, तर ज्याला लागतं त्याचं काय? हवं, तर ज्याला भीती वाटते त्याचं काय?

शेवटचा बाक:
बटण. टेबलावरच्या कुणालाही, कारण न देता, त्या तासाचं रेकॉर्डिंग बंद करता यावं. सबटायटल्स चालू राहू देत, साठवण बंद.

कात्री:
बारा जणांत बटण कुणी दाबलं ते लपणार आहे का? संध्याकाळी तेच यिक यॅकवर.

शेवटचा बाक:
मग सत्राच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून. एकही ‘नको’ निघाला तर त्या वर्गाची साठवण सत्रभर बंद. चिठ्ठी कुणाची ते मॅडमनाही कळायला नको.

बिल भरणारा:
एका ‘नको’वर सगळं बंद? माझी मुलगी दोन आठवडे तापाने पडून राहिली तर तिने काय करायचं?

फळा-खडू:
माझ्याकडे यायचं. आजारी मुलांना चुकलेला तास मी समोर बसवून सांगते. रेकॉर्डिंग नव्हतं तेव्हापासून हेच चालत आलंय.

रात्रपाळी:
तुम्ही सांगता, शेजारच्या खोलीतले सांगत नाहीत. पण चिठ्ठ्यांची कल्पना मला आवडली. आमच्याकडच्या यंत्रणेत अडचण एवढीच की कॅमेरे वेळापत्रकावरून आपोआप चालू होतात, आणि एखाद्या वर्गापुरती सबटायटल्स ठेवून साठवण बंद करायचा अधिकार आम्हालाच नाही, तो कंपनीकडे आहे. फळा-खडू, तुमच्याकडे सही झाली नसेल तर हे कलम आत्ताच मागून घ्या. सही झाल्यावर प्रत्येक वर्गासाठी वेगळी विनंती पाठवावी लागते.

फळा-खडू:
सही कधी आहे ते विचारते. कदाचित झालीही असेल.