म्हणे, प्रशासकच बरा होता!

पारावरचा

काल 'शिस्तप्रिय' यांनी लिहिलं: "निवडणुका झाल्या आणि पुन्हा तेच सुरू. वाढदिवसाचे फ्लेक्स, सभेत हमरीतुमरी, ठेकेदारांची वर्दळ. प्रशासक होता ती चार वर्षं गाव सुखात होतं. एक माणूस, एक सही, काम फत्ते. हे नगरसेवक हवेत कशाला?" आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. चहा कडू झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक माणूस, एक सही. बरोबर. पण ती सही कशी होत होती हे माहीत आहे का? निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली की कारभार प्रशासकाकडे जातो, आणि बऱ्याच नगरपरिषदांत मुख्याधिकारीच, म्हणजे तिथले सर्वात वरचे सरकारी अधिकारीच, प्रशासक होते. म्हणजे सकाळी मुख्याधिकारी म्हणून टिपणी सादर करायची, दुपारी प्रशासक म्हणून खुर्ची न बदलता त्याच टिपणीला मंजुरी द्यायची. सूचक तेच, अनुमोदक तेच, विरोधी पक्षही तेच. ठराव मात्र झाला, आणि तोही सर्वानुमते!

आमच्या मंडईतल्या गाळ्यांची मुदतवाढ याच काळात झाली. गावाला कधी कळलं? गाळ्यांवर नवे बोर्ड रंगवायला पेंटर शिडी लावून चढला तेव्हा. सभागृह असतं तर विषयपत्रिका आठवडाभर आधी निघाली असती. ज्याच्या मेहुण्याला गाळा मिळाला नाही असा एखादा तरी नगरसेवक ती घेऊन पत्रकाराकडे धावला असता. स्वार्थापोटी धावला असता, मान्य. पण कळलं तर असतं! भांडणं होतात म्हणून तर आपल्याला कळतं, हो.

आणि 'चार वर्षं सुखात' असं म्हणताना ती चार वर्षं आली कुठून तेही बघा. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, असं 74 व्या घटनादुरुस्तीत सरळ लिहिलंय. बहुतेक ठिकाणी मुदती 2021 च्या अखेरीस, 2022 च्या सुरुवातीला संपल्या. अंबरनाथ-बदलापूरला तर 2020 पासूनच प्रशासक. 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींचं मतदान झालं ते 2 डिसेंबर 2025 ला, काही ठिकाणी तर 20 डिसेंबरला, तेही सर्वोच्च न्यायालयाने दटावल्यावर. याला सुख म्हणायचं?

शिस्तप्रिय

पारावरचे साहेब, लेख झकास. आता जमिनीवर या.

आमच्या भागातला रस्ता दोन 'लोकनियुक्त' पंचवार्षिकांत झाला नाही, कारण तो दोन प्रभागांच्या शिवेवर होता आणि श्रेय कोणाचं यावर एकमत होईना. प्रशासक आले आणि एका उन्हाळ्यात झाला. गटारीसकट. नारळ फोडायलासुद्धा कोणी नव्हतं, इतका शांतपणे झाला.

वसुलीचं बोला. नगरसेवक असताना मार्चमध्ये वसुली पथक निघालं की पहिला फोन कोणाचा? "तो आपला माणूस आहे, जरा थांबा." प्रशासकांनी थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवला, नावं चौकात लावली. भरले लोकांनी पैसे.

आणि अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर काय होतं हे बघायला वेंगुर्ल्याला जा. कचऱ्याच्या डेपोचं पर्यटनस्थळ केलं तिथे. एका मुख्याधिकाऱ्याची जिद्द. कुठल्या नगरसेवकाचं नाव ऐकलंत त्यात?

कारकून (निवृत्त)

नाव ऐकलं नाही म्हणजे नगरसेवक नव्हते असं नाही. वेंगुर्ल्याला ते काम झालं तेव्हा लोकनियुक्त सभागृह होतं, प्रशासक नव्हे. चांगला मुख्याधिकारी आणि त्याच्या पायात पाय न घालणारं सभागृह, दोन्ही लागतं. तुम्ही उदाहरण दिलंत ते पारावरच्यांच्या बाजूचं.

मी आस्थापना आणि कर, दोन्ही टेबलं सांभाळली आहेत. प्रशासकाच्या काळात आमच्या साहेबांकडे शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त पदभार होता. साहेब येत मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे दिवस फायली टेबलावर, नागरिक बाकड्यावर. 'एक सही' खरी, पण ती सही गावात कधी असेल ते ड्रायव्हरला विचारावं लागे.

आता पारावरच्यांनाही सांगतो. नगरसेवक धुतल्या तांदळाचे नाहीत. आयत्या वेळचे विषय, म्हणजे पत्रिकेत नसताना ऐनवेळी मांडलेले, असा जो दरवाजा आहे, त्यातून काय काय आत आलंय ते इतिवृत्तं चाळा म्हणजे कळेल. आणि तातडीच्या कामासाठी नगराध्यक्षांना दिलेलं नगरपरिषद कायद्यातलं 58(2)! पूर आला, साथ आली तर वापरायचं कलम. आमच्याकडे ते सत्काराच्या मांडवासाठीही वापरलेलं पाहिलंय.

ढोलाचं म्हणाल तर थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. वर्षाला 24. ढोल वाजवला गेला तो साध्या माणसाच्या दारात. मोठे थकबाकीदार अपिलात होते आणि आहेत.

कोरडा नळ

तुम्ही लोकशाहीवर भांडा. आमच्याकडे पाणी सहाव्या दिवशी येतं. नगरसेवक होते तेव्हा सहाव्या दिवशी, प्रशासक होते तेव्हा सहाव्या दिवशी, आता नवे आलेत तरी सहाव्या दिवशी. आणि येतं कधी? पहाटे साडेतीनला, करंगळीएवढी धार.

गाव नगराध्यक्ष चालवत नाही, मुख्याधिकारीही नाही. गाव चालवतो व्हॉल्व्हमन. ज्याच्याकडे चावी, त्याचं राज्य. आमच्या वरच्या गल्लीत दिवाळीला त्याला मिठाईचा बॉक्स जातो आणि वर्षभर पाऊण तास पाणी. आम्ही खालच्या टोकाचे, आम्हाला वीस मिनिटं. यावर कोणी ठराव आणला का? प्रशासकीय की लोकनियुक्त, कोणताही चालेल.

उद्योगी

+१ कोरडा नळ. व्हॉल्व्हमन हा विषय स्वतंत्र धाग्याचा आहे. आमच्याकडचा तर कंत्राटी आहे, त्याला स्वतःलाच चार-चार महिने पगार नाही. मग तो घरोघरी हात पसरणार नाही तर काय करणार?

आणि पाणीपट्टी वर्षाची घेतात, पाणी मिळतं मोजून साठ दिवस. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मागितले तर क्लार्क हसला.

माजी नगरसेविका

व्हॉल्व्हमनवर तोंडसुख घेणाऱ्यांनी एकदा त्याच्याबरोबर फिरून यावं. मी फिरले आहे. प्रभागातल्या बायका घागरी घेऊन दारात आल्या तेव्हा ठरवलं, बघू तरी काय प्रकार आहे.

पहाटेचा अंधार. रस्त्याच्या मधोमध चेंबर, त्यावरचं लोखंडी झाकण कधीच चोरीला गेलेलं, म्हणून फरशीचा तुकडा. तो पहारीने सरकवला तर आत गुडघाभर गढूळ पाणी आणि त्यात चपला, पिशव्या. तो माणूस आडव्या दांड्याची लांब चावी त्यात खाली सोडतो, चाचपत स्पिंडलवर बसवतो आणि आटे मोजत फिरवतो. पूर्ण उघडला तर चढावरच्या टाकीचा दाब जातो, कमी उघडला तर शेवटच्या टोकाला हवा येते. किती आटे, कुठल्या गल्लीला, किती वेळ, हे कुठेही लिहिलेलं नाही. पाइपलाइनचा नकाशा मागितला तर अभियंता म्हणाले, "म्हाताऱ्यालाच माहीत." तो आजारी पडला त्या आठवड्यात अर्ध्या गावात चुकीच्या वेळी पाणी गेलं.

आणि कोरडा नळ, तुमच्या खालच्या टोकाला पाणी कमी येतं ते मिठाईमुळे नव्हे. वरच्या गल्लीत घरटी एक मोटार थेट नळाला लावलेली असते. ती जप्त करायला पथक गेलं की नगरसेवकाला फोन येतो. मलाही आले. मी उचलले नाहीत आणि पुढच्या वेळी पडले. हे माझं रेकॉर्ड.

शिस्तप्रिय

म्हणजे माझाच मुद्दा! मोटारी जप्त केल्या की नगरसेवक पडतो, म्हणून नगरसेवक जप्त करू देत नाही. प्रशासकाला पडायची भीती नाही.

बाकी ताईंनी स्वतः फिरून पाहिलं हे कौतुकास्पद. नाहीतर महिला राखीव प्रभाग म्हटला की सभेत यजमानच सगळी उत्तरं देतात.

माजी नगरसेविका

झालं? आलात ना 'यजमानां'वर? 2011 पासून निम्म्या जागा आमच्या, तरी आम्ही आलो की पहिला प्रश्न, "साहेब नाही आले का?" हा प्रश्न मला यजमानांनी नाही विचारला, कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी विचारला. तुमच्या लाडक्या प्रशासनाने. माझे पती शिक्षक होते, त्यांना विषयपत्रिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं. विषयपत्रिका मी वाचायचे. भाकऱ्या झाल्यावर, रात्री.

आणि भीतीचं म्हणता, तर प्रशासकाच्या चार वर्षांत तुमच्या गल्लीतल्या किती मोटारी जप्त झाल्या, तेवढं सांगा.

उद्योगी

शिस्तप्रिय गप्प 😄

शिस्तप्रिय

गप्प नाही. जेवत होतो. मोटारी जप्त झाल्या नाहीत, हे खरं. मनुष्यबळ नव्हतं. यजमानांचं वाक्य मागे घेतो, ताईंपुरतं.

कोरडा नळ

मोटारीवर सगळे तुटून पडलात, पण मोटार का लागते ते कोणी बोलेना. आमच्याकडेही आहे. हो, आहे! नाही लावली तर धार पहिल्या मजल्यावर चढत नाही. शेजाऱ्याने लावली म्हणून मी लावली, माझी बघून पलीकडच्याने. आता तुम्ही माझी जप्त कराल आणि वरच्या गल्लीची तशीच राहील. त्यापेक्षा राहू द्या.

कारकून (निवृत्त)

यावर इलाज आहे, आणि तो आपल्याच राज्यात झालाय. कराडशेजारच्या मलकापूरने नगरपंचायत असतानाच घरोघर मीटर बसवून 24 तास पाणी दिलं. जितका वापर जास्त तितका दर चढा. पाणी कायम दाबाने असलं की मोटार लावून उपयोग काय? आणि व्हॉल्व्हच्या चावीला मिठाई कोण देणार?

पण मीटरचं नाव आमच्या सभेत काढलं तेव्हा काय झालं ते मी पाठीमागच्या बाकावर बसून ऐकलंय. "गोरगरिबांवर बोजा" म्हणून सगळे पक्ष एक. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे! विषय तहकूब. तहकूब म्हणजे काय, हे इथे सांगायला नको.

पारावरचा

धागा माझा, आणि मी पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलोय. चालू द्या. पण काका, मीटर नाकारला हे तुम्हाला माहीत आहे, कारण ते सभेत झालं. कोण काय बोललं, कोणी तहकुबी मांडली, सगळं इतिवृत्तात आहे. प्रशासकाने मीटरची फाईल कपाटात टाकली असती तर तुम्ही आज काय सांगितलं असतं?

कारकून (निवृत्त)

इतिवृत्तात "सविस्तर चर्चेअंती विषय तहकूब करणेत येत आहे" एवढंच आहे. मीच लिहिलंय.

शिस्तप्रिय

😂 काका, दंडवत.

पारावरचे, आता तुम्हीच सांगा. सभा लोकांना बघायला खुली असते म्हणतात. तुम्ही किती सभांना जाऊन बसलात?

पारावरचा

गेलो होतो. शिपायाने विचारलं, "कोणाकडून आलात?" मी म्हटलं, कोणाकडूनच नाही. त्याला ते पटेना. शेवटी एका नगरसेवकाचं नाव सांगितलं तेव्हा आत सोडलं. विषय एक, मंजूर. विषय दोन, मंजूर. चहा येईपर्यंत निम्मी पत्रिका संपली. नंतर स्मशानभूमीच्या शेडवरून दोन गटांत जुंपली ती तासभर. आणि त्या तासात त्या शेडचं काम कोणाला, कितीला, कितव्यांदा दिलंय, ते सगळं बाहेर पडलं. एवढी माहिती मला कुठल्या कार्यालयाने आजवर दिलेली नाही.

खेड्यात निदान ग्रामसभा असते, सरपंचाला भर सभेत विचारता येतं. शहरांसाठी 2009 साली कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभा, आणल्या. आपल्याकडे एकीला तरी कोणी बसलंय का?

उद्योगी

क्षेत्रसभा म्हणजे काय ते आमच्या नगरसेवकालाच विचारलं. म्हणाला, "आमदारांना विचारून सांगतो."

माजी नगरसेविका

हसू नका, त्यात तथ्य आहे. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली तेव्हापासून पगारसुद्धा शासनाच्या सहायक अनुदानावर. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेलाच. मोठं काम हवं तर मंत्रालयात कोणाच्या तरी मागे फाईल घेऊन उभं राहायचं. लोकांच्या घरपट्टीच्या बिलातला शिक्षण करही आमचा नव्हे, आम्ही तो नुसता गोळा करून पुढे पाठवतो. शिव्या मात्र आमच्या वाट्याला. तुम्ही नगरसेवक ठेवा की काढा, तिजोरीत खडखडाटच आहे.

शिस्तप्रिय

ठीक आहे. नगरसेवक राहू द्या, एवढ्या लोकांचा आग्रह आहे तर. पण मग व्हॉल्व्हमनही थेट जनतेतून निवडा, नगराध्यक्षासारखा.

कारकून (निवृत्त)

निवडा. पण नियम टिकतो का बघा. नगराध्यक्ष 2016 ला थेट केला, सरकार बदललं तसा 2020 ला पुन्हा नगरसेवकांतून, 2022 ला परत थेट. तुमचा व्हॉल्व्हमन अर्धा व्हॉल्व्ह फिरवेपर्यंत अपात्र ठरायचा.

कोरडा नळ

ताई, एक शेवटचं. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं याचं वेळापत्रक कार्यालयात मिळेल का? माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, 10 रुपयांचा स्टॅम्पही आणलाय.

माजी नगरसेविका

"अभिलेख उपलब्ध नाही" असं उत्तर येईल. तो म्हातारा मार्चअखेर निवृत्त होतोय. अर्ज करण्यापेक्षा त्याच्या घरी वही-पेन घेऊन जा. आणि आधी नळाची मोटार काढा, तो पहिलं तेच विचारेल.