शब्दचर्चा : ‘डूलॅली’, ‘वॉग’ आणि जुन्या ब्रिटिश मालिकांमधला विनोद

विचारणा

जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका बघताना दोन शब्द अडले. एक ‘डूलॅली’. एखाद्याचं डोकं फिरलंय, अशा अर्थाने तो येतो. आपल्या देवळालीशी त्याचा संबंध आहे असं ऐकलं, ते खरं का? दुसरा ‘वॉग’. ‘फॉल्टी टॉवर्स’ या हॉटेलावरच्या मालिकेतला मेजर तो भारतीयांसाठी वापरतो असं वाचलं, पण मी पाहिलेल्या प्रतीत तो संवादच नव्हता. हा शब्द नेमका किती वाईट? मराठीत त्याच्या तोडीचं काही आहे का? आणि पहिला शब्द चालतो, दुसरा कापला जातो, हे कशावरून ठरतं?

उत्तर

देवळालीचं खरं आहे. नाशिकजवळच्या या गावात एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत. लष्कराची जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. हंगाम चुकला की पुढचे कित्येक महिने नुसतं बसून काढायचे. काम नाही, वर ऊन, हिवताप आणि दारू. माणसं चळायची. त्या अवस्थेला शिपायांनी नाव दिलं ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. पुढे ‘टॅप’ गळाला आणि गावाचं नाव तेवढं वेडाला चिकटून राहिलं. आजही इंग्लंडमध्ये हा शब्द आपण ‘भंजाळलाय’ म्हणतो तितक्याच सहजपणे वापरतात. मूळ वापरात वेडा ठरतो तो गोरा शिपाईच, त्यामुळे त्याने कुणा भारतीयाला घायाळ केल्याचं ऐकिवात नाही.

याच देवळालीत बीबीसीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४ ते १९८१) सुरू होते. नंतर कथानक ब्रह्मदेशात सरकतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचं मनोरंजन करणारी नाटकमंडळी हा तिचा विषय. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशाच मंडळीत होता, त्यामुळे छावणीचे तपशील अस्सल आहेत. पण बेअरर, म्हणजे छावणीतला नोकर, रंगी राम झालाय मायकेल बेट्स, चेहऱ्याला तपकिरी रंग फासून. बेट्सचा जन्म झाशीचा, उर्दू त्याला उत्तम येई, ब्रह्मदेशात त्याने गुरखा सैन्यातही काम केलं होतं. मालिकेच्या बाजूने बोलणारे हे आवर्जून सांगतात आणि ते खोटं नाही. तरी त्याच मालिकेत ढाक्यात जन्मलेला दिनो शफीक चहावाला झाला होता आणि बाबर भट्टी पंखेवाला. म्हणजे दक्षिण आशियातले नट हाताशी होते, पण भारतीयांमधली सगळ्यात मोठी भूमिका गोऱ्या नटाकडे गेली.

शेवटच्या श्रेयनामावलीत हा चहावाला साम्राज्याचं स्तुतिगीत आळवायला लागतो आणि सार्जंट मेजर खेकसून त्याला गप्प करतो. भाग संपला की हेच. त्या सार्जंट मेजरची हुकूमशाही लेखकांना हास्यास्पदच दाखवायची होती, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या तोंडावर खेकसलं जातं तो कायम तोच चहावाला, आणि उलट बोलायची संधी त्याला कधीच नाही. आज ही मालिका बीबीसी पुन्हा दाखवत नाही, त्यामागे एखादा सुटा शब्द नसून ही सगळी मांडणी आहे असं मी समजतो.

आता ‘वॉग’. याची व्युत्पत्ती नक्की झालेली नाही. कुठल्या तरी भारदस्त इंग्रजी पदवीची ही आद्याक्षरं आहेत, ही गोष्ट मागाहून रचलेली आहे, ती विसरा. अर्थ मात्र पक्का : गोरा नसलेला परका, विशेषतः भारतीय, अरब किंवा आफ्रिकी, आणि शंभर टक्के तुच्छतेने. फॉल्टी टॉवर्सचा तो भाग १९७५चा. म्हातारा मेजर सांगतो की लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताचा सामना बघायला एका बाईंना घेऊन गेलो होतो. त्या बाई भारतीय खेळाडूंना आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी असलेली शिवी घालत होत्या, म्हणून यानं त्यांना सुधारलं : ती शिवी वेस्ट इंडियन लोकांसाठी, हे लोक वॉग. म्हणजे मेजर तिथे एक प्रकारची शब्दचर्चाच करतोय! शिवीचा ‘अचूक’ वापर शिकवतोय आणि त्यात काही गैर आहे हे त्याच्या गावीही नाही. विनोद म्हणून ही रचना उत्तम आहे, हसं मेजरचंच होतं. मालिकेचा लेखक आणि नायक जॉन क्लीजही हेच सांगत आला. बीबीसीने २०१३च्या पुनःप्रक्षेपणात हा संवाद काढला. २०२०च्या जूनमध्ये यूकेटीव्ही या ब्रिटिश वाहिनीसमूहाने तो अख्खा भाग उतरवला आणि थोड्याच दिवसांत सूचनेसह परत ठेवला. सूचना देऊन पूर्ण दाखवणं, हे मला पटतं.

पण ‘हसं कुणाचं?’ एवढ्या एका प्रश्नावर माझं समाधान होत नाही. ‘टिल डेथ अस डू पार्ट’चा आल्फ गार्नेट घ्या. १९६६ पासूनची मालिका, लेखक जॉनी स्पाइट, नट वॉरन मिचेल. मिचेल स्वतः ज्यू. दोघांनाही वर्णद्वेष्ट्या आल्फची फजिती करायची होती. तरी ‘बरं झालं, कुणीतरी खरं बोललं’ म्हणत आल्फला दाद देणारे प्रेक्षक भरपूर निघाले. शब्दाचा अर्थ वापरणारे आणि ऐकणारे ठरवतात, लिहिणाऱ्याचा हेतू तिथे फार वेळ पुरत नाही.

याच स्पाइटची १९६९ची ‘करी अँड चिप्स’ तर पाहवत नाही. तिच्यात विनोदी नट स्पाइक मिलिगन तपकिरी रंग लावून आयरिश-पाकिस्तानी कामगार होतो आणि त्याचं टोपणनाव ‘पाकी-पॅडी’ (‘पॅडी’ म्हणजे आयरिश माणसाला हिणवायचा शब्द). मिलिगनचा जन्म अहमदनगरचा, १९१८चा, बालपणाचा काही काळ पुण्यात गेलेला. सहा भागांतच मालिका बंद करावी लागली. ‘पाकी’ हा शब्द कोशात नुसता देशाच्या नावाचा तुकडा वाटेल. पण त्याच सुमारास आशियाई माणसाला गाठून मारण्याच्या प्रकाराला ब्रिटनमध्ये ‘पाकी-बॅशिंग’ असं नाव पडलं होतं. मारणारा काही पासपोर्ट बघत नसे, त्यामुळे गुजराती, पंजाबी, मराठी, बंगाली सगळेच त्यात आले.

एक प्रतिसाद

हे जरा जास्तच होतंय. ‘माइंड युअर लँग्वेज’, लंडनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी लोकांच्या वर्गाची ती मालिका, आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिली. रणजीत सिंगचं ते हजारदा माफी मागणं, अलीची धांदल, स्वेटर विणणारी जमीला. आम्हाला कधी अपमान वाटला नाही. तिच्यावरून दूरदर्शनने ‘जबान संभालके’ काढली तीही तशीच लोकप्रिय झाली. ‘लव्ह दाय नेबर’मध्ये तर काळा शेजारी गोऱ्याला तितक्याच शिव्या देतो. बरोबरी आहे की!

उत्तर

तुम्हाला अपमान वाटला नाही हे मी मनापासून मानतो, मलाही अलीचं काम आवडतं. तो नटही दिनो शफीकच. पण मुंबईच्या दिवाणखान्यात हसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी रस्त्यात त्या उच्चारात चिडवत नाही. ब्रिटनमध्ये साउथॉल किंवा ब्रॅडफर्डसारख्या आशियाई वस्तीच्या शाळेतल्या मुलाला नेमकं तेच ऐकावं लागायचं. प्रेक्षक बदलला की त्याच विनोदाचा अर्थ बदलतो. शिवाय ‘जबान संभालके’मध्ये भाषा आपली होती आणि वर्गात अडखळणाऱ्यांत गोरा साहेबही होता.

‘लव्ह दाय नेबर’ (१९७२ ते १९७६) बद्दल म्हणाल, तर तिथे बिल रेनल्ड्स हुशार आहे, एडी बूथ मूर्ख आहे, आणि शेवटी बहुतेक वेळा बिलच जिंकतो. रुडॉल्फ वॉकरने तो रुबाबात उभा केलाय. पण शिव्या मोजून बरोबरी होत नाही. बिल गोऱ्या शेजाऱ्याला ‘हॉन्की’ ही गोऱ्यांसाठीची शिवी देतो, तर त्या शब्दापायी कुणा गोऱ्याला घर भाड्याने नाकारलं गेलं नाही. एडीच्या तोंडचे शब्द मात्र नाकारणारे आणि मारणारे रोज वापरत होते. मालिका संपली त्याच १९७६ साली साउथॉलमध्ये गुरदीप सिंग छग्गर या तरुणाचा गोऱ्या टोळक्याने खून केला. मालिकेने तो केला असं मी अजिबात म्हणत नाही. त्या शब्दांना त्या काळच्या रस्त्यावर काय वजन होतं, एवढंच सांगतोय.

आणि वंशावरचा विनोदच नको, असं कुणी म्हणत नाहीये. १९९८ साली टीव्हीवर आलेल्या ‘गुडनेस ग्रेशस मी’मध्ये मुंबईतली भारतीय मंडळी पिऊन ‘इंग्लिश’ जेवायला हॉटेलात जातात, वेटरच्या नावाची मोडतोड करतात आणि सगळ्यात बेचव पदार्थ कोणता असं ऐटीत विचारतात. शुक्रवारी रात्री भारतीय हॉटेलात गोरे ग्राहक जे करायचे, ते शब्दशः उलटवलेलं. कलाकार ब्रिटनमधले भारतीय वंशाचे : मीरा स्याल, संजीव भास्कर, नीना वाडिया, कुलविंदर घीर. लिहिणारे आणि बोलणारे बदलले तेव्हा विनोद जास्त धारदार झाला.

मूळ विचारणा करणारी

आभार. मी एका हौशी गटासाठी मराठी उपशीर्षकं करतेय. ‘डूलॅली’ला ‘भंजाळलेला’ घेते. ‘वॉग’चं काय करू?

उत्तर

तसाच ठेवा, ‘वॉग’. मराठी प्रतिशब्द घालू नका. आपल्याकडे ‘यंडुगुंडू’ आहे, आणि ‘भय्या’ आहे. मुळात भाऊ असा अर्थ असलेला हा शब्द मुंबईत कुठल्या सुरात म्हटला की शिवी होते, हे प्रत्येक मुंबईकराला कळतं. पण यांच्यात साम्राज्याचा तो माज नाही, आणि रोख वेगळ्याच माणसांवर आहे. मेजरचं वाक्य पूर्ण द्या, दोन्ही शब्दांसकट, कारण तो एका शिवीच्या जागी दुसरी सुचवतो हाच विनोद आहे. एक गाळलीत तर म्हातारा नुसता शिवराळ वाटेल. भागाच्या सुरुवातीला दोन ओळींची सूचना टाका, प्रक्षेपणाचं साल त्यात असू द्या. देवळालीबद्दलही तिथेच एक ओळ जमली तर बघा, नाशिककरांना आवडेल.