मर्स्क एवढी मोठी झाली कशी?

उलवेकर: उरण रोडला अडकलो की पुढच्या ट्रेलरवर तोच मर्स्कचा चांदणीवाला कंटेनर, एका घराण्याची जहाज कंपनी एवढी वाढली कशी काय?

जुना_सीएचए: बापलेकांनी १९०४ला डेन्मार्कात एका सेकंडहँड स्टीमरवर धंदा सुरू केला रे, कंटेनरमध्ये तर १९७५ला उतरले म्हणजे तसे उशिराच, पण नंतर दुसऱ्यांच्या कंपन्याच गिळत गेले, १९९९ला सी-लँड, २००५ला पी अँड ओ नेडलॉइड, दोन्ही कंटेनर जहाजवाल्याच. आपल्या न्हावा शेवा बंदरात पण त्यांचं टर्मिनल आहे की, कॉनकॉर म्हणजे रेल्वेच्या कंटेनर कंपनीसोबत, २००६पासून.

नेरूळ_ईस्ट: पण आता कंटेनर जहाजांत एक नंबर एमएससी ही दुसरी कंपनी हां! तीपण घरचीच, १९७०ला एकाच जहाजावर सुरू केलेली, २०२२ला मर्स्कला मागे टाकलं.

उलवेकर: आयला, म्हणजे दोन्हीकडे सुरुवात एकाच जहाजावर!