‘बॉयकॉट’ हा शब्द जात पंचायतीच्या वाळीत टाकण्याला लावावा का?

जलतरंग (धागाकर्ती)
आंतरजातीय लग्न केलं म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं की बातमीत हटकून ‘सोशल बॉयकॉट’ असं येतं. माझा याला ठाम विरोध आहे. हा शब्द ज्याच्या आडनावावरून आला त्याची हकिकत आधी सांगते.

१८८० साली आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पीकपाणी बरं नव्हतं. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला. सप्टेंबरात बेदखलीच्या नोटिसा निघाल्या तेव्हा नोटीस बजावणाऱ्याला गावातल्या बायकांनीच पिटाळून लावलं. मग गडी काम सोडून गेले, दुकानदार सामान देईनात. उभं पीक काढायला कॅव्हन आणि मोनाहनहून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार शिपाई. पाचेकशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंडांच्या आसपास खर्च झाल्याचं सांगतात. डिसेंबर लागताच बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

शब्द घडवण्याचं श्रेय फादर जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूंना देतात. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांना या प्रकारासाठी ‘ऑस्ट्रॅसिझम’ (समाजाबाहेर टाकणं) हा शब्द सुचत होता. तो कुळांच्या तोंडी बसणार नाही म्हणून ओमॅलींनी त्या माणसाच्या आडनावाचंच क्रियापद केलं.

ज्यांच्या हाती ना जमीन ना कायदा, त्यांनी उगारलेलं हे हत्यार. पंचांनी एका कुटुंबाचं पाणी तोडलं तर त्याला तेच नाव देऊन आपण पंचांना कुळांच्या रांगेत बसवतो.

सातबारा
अजिबात सहमत नाही. हकिकत बरोबर आहे, पण अर्धी आहे. लँड लीग या कुळांच्या बाजूने लढणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष पार्नेल यांचं एनिसचं भाषण १९ सप्टेंबर १८८०चं, म्हणजे बॉयकॉटवर पाळी यायच्या आधीचं. त्यात निशाण्यावर कोण होतं? बेदखल झालेल्या कुळाची जमीन कसायला घेणारा दुसरा शेतकरी! रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी देवळातसुद्धा त्याला टाळा, जुन्या काळी महारोग्याला दूर ठेवत तसं ठेवा, असा त्यांचा सांगावा होता. हे वाळीत टाकणं नाही तर काय?

आणि ‘लोकांनी नकार दिला’ हेही सरसकट खरं नाही. बॉयकॉटने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की त्याच्या लोहाराला खुनाच्या धमकीची चिठ्ठी आली आणि धोबिणीलाही त्याचे कपडे धुवायचे नाहीत असं बजावलं गेलं. धोबिणीची त्या दिवसाची मजुरी बुडाली त्याचं काय? दहशत या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहे.

खडूफळा
सातबारांना दुजोरा. शिवाय वापर बघा. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या स्टार्ट समितीने १९३०च्या अहवालात ‘सोशल बॉयकॉट’ हेच शब्द वापरले, आणि ते सवर्णांच्या हातातल्या हत्यारासाठी. गावात दाणापाणी बंद, मजुरी बंद, जायच्या वाटा बंद. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी संरक्षणं मागितली तेव्हा बॉयकॉट हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली, आणि त्यातली कलमं ब्रह्मदेशाच्या १९२२च्या बॉयकॉटविरोधी कायद्यातून घेतली. ज्यांनी ते सोसलं त्यांनी हाच शब्द पत्करला. आता तो त्यांच्याकडून काढून घेणारे आपण कोण?

जलतरंग
खडूफळा, बाबासाहेबांचा मुद्दा वजनदार आहे. पण ती मागणी इंग्रज सरकारपुढे, इंग्रजी कायद्याच्या भाषेत होती. आज मराठी वाचकासाठी बातमी लिहिणाऱ्यावर ती सक्ती नाही.

सातबारा, पार्नेलचा तो शेतकरी जमीन सोडून दुसऱ्या दिवशी गावात परत येऊ शकत होता. लीगला त्याच्याकडून एक ठरावीक गोष्ट हवी होती. बॉयकॉटने सूट मान्य करवून घेतली असती तर त्याचंही भागलं असतं. जात पंचायतीने टाकलेल्या मुलीने काय परत करायचं? नवरा? पोटातलं मूल?

१९०५मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. टिळकांनी स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या जोडीला बहिष्कार चतुःसूत्रीत घेतला. सरकारकडून काय हवंय ते तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मागणी असेल तर बॉयकॉट म्हणा, माझी ना नाही.

रानवाटा
मागणीची कसोटी मला पटली नाही. पंचांचीही मागणी असते: दंड भरा, माफी मागा, मुलीशी संबंध तोडा. दंड भरून लोक परत जातीत घेतले जातात, हे आपल्याकडे जगजाहीर आहे.

मी बघते ते एवढंच, की समोरच्याला दुसरा दरवाजा आहे का. बॉयकॉटकडे होता, त्याच्यासाठी फौज आली. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तो अशा दरवाजा नसलेल्यांसाठीच. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेताना अंमलदाराला ‘बहिष्कार’ हा कायद्यातला शब्द लागतो. तिथे इंग्रजी शब्दाची पाळी येतच नाही.

सातबारा
रानवाटा, मग आपण दोघं एकाच बाजूला आहोत. दंड मागणारे पंच आणि धोबिणीला बजावणारे लीगवाले, दोघांची रीत एक. माझ्या लेखी बॉयकॉट हे रीतीचं नाव आहे. ती न्यायासाठी वापरली की अन्यायासाठी, हे बातमीदाराने पुढच्या वाक्यात लिहावं.

जलतरंग
पुढचं वाक्य किती जण वाचतात? मथळ्यात ‘कुटुंबाला वाळीत टाकले, पंचांवर गुन्हा’ एवढं आलं तरी कोणी कोणाचं काय केलं ते कळतं. मी मथळ्यापुरतं भांडतेय आणि भांडत राहणार.