संदेश ऐकताना मन जागेवर नसतं, तयारी नेमकी कशी करायची?

पलासियावाली:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही इंदूरला असतो, चर्चमध्ये उपासना हिंदीत आणि घरी आईचं मराठी बायबल, दोन्ही नीट समजतं. प्रॉब्लेम असा की संदेश (पाळकांचं प्रवचन) चालू असतो आणि माझं डोकं मुलाच्या युनिट टेस्टमध्ये, नाहीतर दुपारी जेवायला कोण कोण येणार त्यात. बाहेर आल्यावर कुणी विचारलं आज वचन कुठलं होतं तर पटकन सांगता येत नाही. येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला लहानपणापासून ऐकलाय, बी म्हणजे देवाचं वचन, ते वाटेवर, खडकावर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं, चांगली जमीन व्हा असं सगळेच सांगतात, पण म्हणजे करायचं काय? जमीन स्वतःच स्वतःला नांगरते का? प्लीज नुसतं "प्रार्थना करा" लिहू नका, ती करतेच.

देवासरोड:
ताई, तो दाखला लूक ८ मध्ये आहे, परत वाचा, सावकाश. वाटेवरची माती काही वेगळी नसते हो, शेतातलीच असते, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवून घट्ट केलेली. त्या काळी बी हातानं फेकायचे आणि पायवाटा शेतातूनच जायच्या, त्यामुळे थोडं तिथं पडायचंच. आपल्या मनावरून आठवडाभर काय काय जातं बघा, सकाळी ग्रुपवर वचन येतं, आपण हात जोडलेला इमोजी टाकून पुढच्या ग्रुपला ढकलतो, वाचलेलंही नसतं.
आमच्याकडे सोयाबीनच्या वेळी पहिला पाऊस पडला की लगेच कुणी पेरत नाही, काळी माती चिकटते, वाफसा यायची, म्हणजे ओल पेरण्याजोगी व्हायची, वाट बघतात. आपण मात्र गाडी लावली, बाकावर बसलो की रुजलंच पाहिजे. शास्त्रात शब्बाथाच्या (यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवसाला तयारीचा दिवस म्हटलंय, मार्क १५:४२, आणि आपला तयारीचा दिवस म्हणजे शनिवारी रात्री एकपर्यंत सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस 😄 (किसाशी माझं वैर नाही). संदेश बायबलच्या कुठल्या उताऱ्यावर आहे ते पाळकांना शनिवारीच विचारून ठेवा, तो रात्री एकदा मोठ्यानं वाचा आणि जे कळलं नाही तो प्रश्न घेऊनच चर्चला या. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया शहरातले लोक प्रेषित पौलाचं ऐकून रोज शास्त्रात तपासून बघायचे, आणि त्यांचं कौतुकच केलंय तिथं.

साधा_विश्वासी:
एवढी सगळी मेथड कशाला भाऊ? पौलाचं बोलणं ऐकणाऱ्या लुदिया नावाच्या बाईचं अंतःकरण प्रभूनं उघडलं, प्रेषितांची कृत्ये १६:१४, तिनं कुठं उतारा आधी वाचला होता. माणसाच्या तयारीवर जोर दिला की कृपा बाजूला राहते.

देवासरोड:
उघडलं प्रभूनंच, मान्य. पण त्याच्या आदलं वचन बघा, शब्बाथाच्या दिवशी ती नदीकाठी प्रार्थनेच्या जागी येऊन बसलेली होती की.

मावशी_६२:
दोघांचं भांडण राहू द्या. बाळ, तू लिहिलंस त्यात पाप काहीच नाही, मुलाची परीक्षा आणि पाहुणे हा संसारच आहे. पण लूक ८:१४ मध्ये काट्यांचा अर्थ सांगताना येशू पहिलं नाव चिंतेचंच घेतो, मग धन, मग सुखं. आणि काटे वाढले त्या जमिनीत जोर असतोच, जोर नसता तर काटेही आले नसते. मी वहीचं शेवटचं पान ठेवते, उपासनेआधी डोक्यात घोळणारं सगळं त्यावर लिहून टाकते, गॅसचा नंबर लावायचाय, अमक्याला फोन करायचाय, मग ते तिथं राहतं आणि मी मोकळी.
दुसरं जरा कडू आहे. १ पेत्र २ मध्ये वचनाच्या दुधाची भूक धरा म्हणायच्या आधी कपट, हेवा, दुर्भाषण टाकून द्या म्हटलंय. जिच्याशी आपण सहा महिने बोललो नाही ती दोन बाकं पुढे बसलेली असली की संदेशातला प्रत्येक शब्द आपण तिच्या पाठीवर चिकटवत बसतो, हे तिला लागू, तेही तिलाच लागू. माझं तरी तसंच होतं, मग त्या दिवशी स्वतःसाठी काही उरत नाही. मत्तय ५:२३-२४ म्हणूनच आहे, आधी समेट कर मग अर्पण आण.

पलासियावाली:
मावशी, दोन बाकं पुढे 🙈 तुम्हाला कसं कळलं. बरं, वहीचं आजपासूनच करते. उतारा मुलाकडून वाचून घेतला तर चालेल का, त्याचं मराठी कच्चं आहे, फार अडखळतो.

मावशी_६२:
चालेल की. घाई करू नकोस, आणि मधे मधे त्याचे उच्चार सुधारत बसू नकोस म्हणजे झालं.